डोळे मिटतात, पण झोप टिकत का नाही? झोपेच्या रसायनांविषयी

सायंतारा (मुलुंड), धागाकर्ती

माझी भाची शहरातील एका रुग्णालयात परिचारिका आहे. महिन्यातील दोन आठवडे तिची रात्रपाळी असते. सकाळी आठला पाळी संपवून ती लोकलने निघते तेव्हा तिचे डोळे इतके जड झालेले असतात की डुलकी लागून एक-दोनदा उतरायचे स्थानक मागे गेले आहे. घरी येऊन, आंघोळ उरकून साडेनऊला ती अंथरुणावर पडते, पाठ टेकताच झोपते, आणि साडेबाराच्या सुमारास तिला टक्क जाग येते. नंतर कितीही कुशी बदलल्या तरी झोप लागत नाही. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "अंगाला वळण लावले पाहिजे." तिने मला मागच्या रविवारी विचारले, "मावशी, सोळा-सतरा तास जागलेल्या शरीराचे तीन तासांत कसे काय भागते?"

मी महाविद्यालयात पंचवीस वर्षे जीवरसायनशास्त्र शिकवले. या प्रश्नाचे उत्तर वळणात नसून रसायनांत आहे, आणि ते सविस्तर मांडले तर पाळ्यांत काम करणाऱ्या अनेकांच्या उपयोगी पडेल, असे मला वाटते. म्हणून हा धागा.

झोप आणणारे काहीतरी द्रव्य शरीरातच साठत असावे, ही कल्पना जुनी आहे. जपानमध्ये कुनिओमी इशिमोरी यांनी १९०९ मध्ये, आणि फ्रान्समध्ये आंरी पिएराँ यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे, बराच काळ जागवलेल्या कुत्र्यांच्या मेंदूतील द्रव काढून तो ताज्यातवान्या कुत्र्यांना टोचला, तेव्हा ती कुत्रीही झोपी गेली. ते द्रव्य कोणते, हे त्या काळी हाती लागले नाही. आज त्या जागेचा सर्वांत भक्कम दावेदार म्हणून ज्याचे नाव घेतले जाते ते म्हणजे ॲडेनोसिन.

पेशींचे सगळे काम एटीपी या रेणूच्या जोरावर चालते. हा रेणू खर्ची पडत जातो तेव्हा त्याच्या मोडीतून ॲडेनोसिन उरते. चुलीत लाकडे जळत राहिली की राख साठत जाते, तसे जागेपणी मेंदूच्या काही भागांत, विशेषतः पुढच्या मेंदूच्या तळाशी, पेशींच्या बाहेर ॲडेनोसिन साठत जाते. १९९७ मध्ये मांजरांवर झालेल्या प्रयोगांत हे प्रत्यक्ष मोजले गेले: जागरण लांबले की त्या भागातील ॲडेनोसिन वाढत गेले आणि नंतरच्या झोपेत ते हळूहळू उतरले. राखेच्या उपमेला एक मर्यादा आहे, ती आत्ताच सांगते. राख नुसती पडून असते. ॲडेनोसिन मात्र चेतापेशींवरील ठरावीक ग्राहींना, म्हणजे रसायनांचे निरोप स्वीकारणाऱ्या जागांना, जाऊन चिकटते, जागे ठेवणाऱ्या पेशींना मंदावते आणि झोपेच्या पेशींना मोकळीक देते. या साठत जाणाऱ्या ओढीला अभ्यासक 'झोपेचा दाब' म्हणतात.

केवळ दाबावर सगळे चालले असते तर माझी भाची दुपारी चारपर्यंत गाढ झोपली असती. पण शरीर दुसरा एक हिशेबही ठेवते, आणि तो किती वेळ जागलात हे विचारतच नाही. मेंदूच्या तळाशी, दोन डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या लगेच वर, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा पेशींचा एक पुंजका आहे. तेच आपले मुख्य शरीरघड्याळ. माणसात त्याचा फेरा सरासरी २४ तासांहून किंचित मोठा, सुमारे २४ तास १० मिनिटांचा असतो आणि सकाळचा प्रकाश तो रोज जुळवून घेतो. घड्याळाचे काटे म्हणजे पेशींतील काही जनुके आणि त्यांची प्रथिने: प्रथिन साठत जाते, साठले की स्वतःच्याच जनुकाला थोपवते, मग ते विरघळते आणि जनुक पुन्हा सुरू होते. फळमाशीत या जनुकांचा छडा लावणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे घड्याळ दिवसभर जागेपणाचा जोर वाढवत नेते. दुपारी थोडी सुस्ती येते खरी, पण संध्याकाळी हा जोर सर्वाधिक असतो, म्हणून दिवसभराचा दाब साठूनही आपण रात्री नऊला ताठ बसून गप्पा मारू शकतो. रात्री घड्याळ आपला जोर काढून घेते आणि साठलेल्या दाबाला वाट मिळते. पहाटेपर्यंत दाब बराचसा ओसरतो, तरी आपण झोपूनच राहतो, कारण त्या वेळी घड्याळही झोपेच्या बाजूचे असते. अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेली ही दोन प्रक्रियांची जोडी आजही झोपेच्या अभ्यासाचा कणा आहे.

आता भाचीचे कोडे उलगडते. साडेनऊला तिचा दाब शिगेला असतो, म्हणून ती पडताक्षणी झोपते. तीन तासांत त्या दाबाची सर्वांत तीव्र धार उतरते. एवढ्यात घड्याळ दुपारकडे सरकून जागेपणाचा जोर चढवू लागलेले असते. उरलेली तीन-चार तासांची झोप रात्री ज्या आधाराने टिकली असती, तो आधार दिवसा मिळत नाही. शरीराचे भागलेले नसते. त्याला झोपू दिले जात नाही. यात तिच्या वळणाचा काहीही दोष नाही.

रातपाळी (कळवा)

ताई, मी अकरा वर्षे कारखान्यात फिरत्या पाळ्या केल्या आहेत, आणि साडेबाराला उघडणारे ते डोळे माझ्या चांगलेच ओळखीचे आहेत. माझा प्रश्न चहाचा आहे. पहाटे चारला आम्ही सगळे चहा घेतो. त्याने झोप जाते, हे खरे. मग तो दाब जातो कुठे?

सायंतारा

कुठेच जात नाही. कॅफिनच्या रेणूची ठेवण ॲडेनोसिनशी इतकी मिळतीजुळती आहे की ते त्याच ग्राहींवर जाऊन बसते, पण ॲडेनोसिन जे काम करते ते करत नाही. कुलपात अशी किल्ली अडकवावी की जी फिरत तर नाहीच, पण खऱ्या किल्लीलाही आत जाऊ देत नाही, तसे हे आहे. ॲडेनोसिन मागे साठतच असते. कॅफिन उतरले की तो साठा एकदम ग्राहींवर येतो, म्हणून चहाचा अंमल संपल्यावर झोप अंगावर कोसळल्यासारखी वाटते.

ते किती वेळाने उतरते, हे यकृतावर अवलंबून आहे. निरोगी प्रौढ माणसात घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे संपायला सरासरी पाच तास लागतात. कुणाला तीन, कुणाला सात. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत हा काळ बराच वाढतो, तर धूम्रपान करणाऱ्यांत तो कमी होतो. पहाटे चारला घेतलेल्या चहातील निम्मे कॅफिन सकाळी नऊला अजून रक्तात असू शकते. पाळीच्या पूर्वार्धात, म्हणजे रात्री बारा-एकपर्यंत चहा घ्यावा आणि नंतर टाळावा, असे मी भाचीला सांगितले आहे. कपभर चहात कॉफीपेक्षा कॅफिन कमी असते, हा थोडा दिलासा.

औषधवाला (गिरगाव)

धागा उत्तम आहे. एका गोष्टीची भर घालतो. दुकानात दर आठवड्याला कुणी ना कुणी येऊन म्हणते, "सर्दीची ती गोळी द्या, तिने झोप छान लागते." मागणारे बहुधा साठीच्या पुढचे असतात आणि त्यांना सर्दी नसते. ती गोळी झोप का आणते, हे आपण लिहावे, म्हणजे मला दाखवायला होईल.

सायंतारा

जरूर. त्यासाठी मेंदूतील जागे ठेवणाऱ्या आणि झोपवणाऱ्या पेशींची रस्सीखेच समजून घ्यावी लागेल, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत सुंदर भाग हाच आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात मेंदूज्वराची एक विचित्र साथ आली. काही रुग्ण आठवडेच्या आठवडे झोपून राहत, तर थोड्या रुग्णांना झोपच लागत नसे. व्हिएन्नातील डॉक्टर कॉन्स्टांटिन फॉन एकोनोमो यांनी मृत रुग्णांचे मेंदू तपासले. झोपाळू रुग्णांत मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागाच्या मागच्या बाजूला इजा झालेली त्यांना दिसली, आणि न झोपणाऱ्यांत पुढच्या भागाला. मागे जागवणारे केंद्र असावे आणि पुढे झोपवणारे, हे अनुमान त्यांनी त्यावरून काढले. रसायने माहीत नसताना, केवळ रोग्यांच्या निरीक्षणावरून काढलेले ते अनुमान पुढे खरे ठरले, याचे मला आजही नवल वाटते.

मागच्या भागातील एक पुंजका हिस्टामिन तयार करतो. खाज आणि सर्दीमुळे जे नाव आपल्या कानावर पडते तेच हे हिस्टामिन, पण मेंदूत त्याचे काम जागे ठेवण्याचे आहे. त्याच्या जोडीला मेंदूच्या देठातून नॉरॲड्रेनालिन, सेरोटोनिन आणि ॲसिटिलकोलिन यांचे मारे वर येत असतात. समोरच्या बाजूला, हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात, १९९६ मध्ये नेमक्या ओळखल्या गेलेल्या झोपेच्या पेशी आहेत. त्या गाबा आणि गॅलानिन ही शांतवणारी द्रव्ये सोडून वरील सगळ्या केंद्रांना एकाच वेळी गप्प करतात. उलट जागवणारी केंद्रे चालू असली की ती या पेशींना दाबून ठेवतात. दोघेही एकमेकांची तोंडे बंद करत असल्यामुळे मधली अवस्था टिकत नाही. दिव्याच्या बटणासारखे हे आहे, एक तर चालू, नाही तर बंद. म्हणूनच पेंग कितीही हळूहळू चढली तरी झोप लागण्याचा क्षण असा अचानक येतो, आणि लोकलमध्ये उभ्या माणसाची मान एकाएकी पडते.

सर्दीवरच्या जुन्या पिढीतील गोळ्या, उदाहरणार्थ क्लोरफेनिरामिन, मेंदूत शिरून हिस्टामिनचे ग्राही अडवतात. जागवणाऱ्या बाजूचा एक गडी बाद होतो आणि झोप येते. नव्या गोळ्या मेंदूत फारशा शिरत नाहीत, त्यामुळे त्यांनी गुंगी कमी येते. परंतु त्या जुन्या गोळ्या ॲसिटिलकोलिनचेही ग्राही अडवतात, ज्यावर स्मरण आणि सावधपणा अवलंबून असतो. वृद्धांत यातून गोंधळलेपणा, तोंडाची कोरड, लघवीची अडचण आणि रात्री उठताना तोल जाणे असे प्रकार होतात. झोपेसाठी ती गोळी मागणाऱ्या आजोबांना आपण डॉक्टरांकडे पाठवावे, ही आपल्याला कळकळीची विनंती.

औषधवाला

नक्की. हा परिच्छेद छापून काउंटरवर लावतो.

कांदिवलीकर

माझ्या धाकट्या भावाला वयाच्या सतराव्या वर्षापासून वर्गात, जेवताना, बोलता बोलता झोप लागायची. खळखळून हसला की गुडघ्यांतले बळ जाऊन तो खाली बसायचा. कित्येक वर्षे आम्ही त्याला आळशी म्हटले, कुणी आकडी म्हटले, कुणी बाहेरची बाधा. शेवटी एका मेंदूविकारतज्ज्ञांनी निदान केले: नार्कोलेप्सी. आपल्या बटणाच्या उपमेत हा आजार कुठे बसतो?

सायंतारा

आपण हे लिहिलेत, यासाठी आभार. आपल्या भावाला जे ऐकून घ्यावे लागले ते वाचून वाईट वाटले.

त्या बटणाला एक बोट सतत 'जागे' या बाजूला धरून ठेवत असते. ते बोट म्हणजे ओरेक्सिन. १९९८ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी ते जवळजवळ एकाच वेळी शोधले, म्हणून त्याला हायपोक्रेटिन असे दुसरे नावही आहे. ते तयार करणाऱ्या पेशी साऱ्या मेंदूत एक लाखाहून कमी आहेत, पण त्यांचे धागे जागवणाऱ्या प्रत्येक केंद्रापर्यंत पोहोचतात. हसण्याने गुडघे गळणाऱ्या प्रकारच्या नार्कोलेप्सीत यांतील बहुतेक पेशी नष्ट झालेल्या असतात; शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणाच त्यामागे असावी, असे भक्कम पुरावे आहेत. मग बटण डळमळीत होते आणि क्षुल्लक कारणाने इकडचे तिकडे पडते. स्वप्नांच्या झोपेत आपले स्नायू सैल पडलेले असतात, जेणेकरून स्वप्नातले धावणे अंथरुणात धावले जाऊ नये. आपल्या भावाच्या बाबतीत तेच सैलपण जागेपणी, हसण्याच्या भरात, मध्येच घुसते. शुद्ध मात्र कायम राहते, आणि फिट येण्याशी याचा घोटाळा होतो तो इथेच.

याच ज्ञानाची दुसरी बाजू अशी, की ओरेक्सिनचे ग्राही अडवणारी निद्रानाशावरील औषधे २०१४ पासून परदेशात वापरात आली. गाबाचा जोर वाढवणाऱ्या जुन्या गोळ्या साऱ्या मेंदूवर पांघरूण घालतात. ही औषधे फक्त ते बोट सैल करतात. त्यांचेही दुष्परिणाम आहेत, आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात.

पिंपळपान (परळ)

मेलाटोनिनचा उल्लेख अजून कसा झाला नाही? झोपेचे संप्रेरक तर तेच. आमच्या इमारतीत निम्मे लोक त्याच्या गोळ्या घेतात.

जीवशास्त्राचा विद्यार्थी (विलेपार्ले)

थोडी दुरुस्ती सुचवतो. उंदीर रात्रभर हुंदडतो, आणि त्याच्याही शरीरात मेलाटोनिन रात्रीच वाढते. ते जर झोपेचे संप्रेरक असते तर उंदीर रात्री झोपला असता. ते अंधाराचे संप्रेरक आहे. ते शरीराला केवळ 'रात्र झाली' असे कळवते. त्या बातमीचे काय करायचे, हे प्रत्येक प्राणी आपापले ठरवतो.

सायंतारा

विद्यार्थ्याचे म्हणणे अचूक आहे, आणि माझ्या मांडणीत मी ते आधीच घ्यायला हवे होते.

मेलाटोनिन १९५८ मध्ये येल विद्यापीठात ॲरन लर्नर यांनी गुरांच्या मेंदूतील पिनिअल ग्रंथींतून वेगळे केले. आहारातील ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून सेरोटोनिन आणि सेरोटोनिनपासून मेलाटोनिन, असा त्याचा प्रवास आहे. या प्रवासावर घड्याळाचा पहारा असतो. डोळ्याच्या दृष्टिपटलात काही पेशी अशा आहेत की त्यांचे मुख्य काम पाहण्याचे नसून उजेड किती आहे हे घड्याळाला कळवण्याचे आहे. निळसर प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. अंधार पडला की घड्याळाचा निरोप पाठीच्या कण्यापर्यंत खाली उतरतो, मानेतील एका चेतागंडातून (चेतापेशींच्या गाठीतून) पुन्हा वर चढतो आणि पिनिअल ग्रंथीपर्यंत पोहोचतो. इतक्या वळशाने जाणारा निरोप मोबाइलच्या आणि ट्यूबलाइटच्या उजेडाने अडतो. नेहमीच्या झोपेच्या वेळेच्या साधारण दोन तास आधी मेलाटोनिन वाढू लागते, म्हणून तेच दोन तास मंद दिव्यात काढण्याला अर्थ आहे. खिडकीसमोर रात्रभर झगमगणारे जाहिरातफलक असणाऱ्यांना जाड पडद्यांशिवाय इलाज नाही.

गोळीबद्दल सांगायचे तर ती दाब वाढवत नाही, ती घड्याळाला वेळ सांगते. त्यामुळे ती किती घेतली यापेक्षा कधी घेतली याला महत्त्व अधिक. चुकीच्या वेळी घेतली तर घड्याळ नको त्या दिशेला सरकते. इमारतीत निम्म्या लोकांचे घड्याळ बिघडलेले असेल, असे मला वाटत नाही.

प्रकाशाच्या ओघात मुंबईविषयी एक गोष्ट. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्तावरची आहे आणि मुंबई सुमारे ७२.८ अंशांवर, त्यामुळे आपला सूर्य भिंतीवरच्या घड्याळाच्या सरासरी ३९ मिनिटे मागे असतो. जुन्या लोकांना 'बॉम्बे टाइम' आठवत असेल, तो हाच फरक. जानेवारीच्या शेवटी येथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. सकाळच्या शाळेला पावणेसातला निघणारे मूल त्या दिवसांत अंधारातच घर सोडते. किशोरवयात घड्याळ आधीच उशिराकडे झुकलेले असते, त्यात ही भर. उठत नाही म्हणून त्याला रागावताना पालकांनी हे ध्यानात ठेवावे.

भाऊचा धक्का

आमचा मासळीचा धंदा. रात्री अडीचला उठून धक्क्यावर जायचे, म्हणून आठला पडायचे. नोकरी सोडून धंद्यात आलो तेव्हा पहिले काही आठवडे दहापर्यंत नुसता छताकडे पाहत असे. आता आठला झोप लागते. बदलले ते नेमके काय?

सायंतारा

बदलले ते आपले घड्याळ. वर लिहिल्याप्रमाणे नेहमीच्या झोपेच्या आधीच्या दोन-तीन तासांत घड्याळाचा जागेपणाचा जोर सर्वाधिक असतो. आपण सुरुवातीला नेमके त्याच वेळात झोपायला जात होता. रोज, सुट्टी न मानता, एकाच वेळी उठल्याने आणि पहाटेपासून धक्क्यावरचे प्रखर दिवे व मग सूर्यप्रकाश मिळत गेल्याने घड्याळ हळूहळू अलीकडे सरकले. कॉर्टिसोल या संप्रेरकाचेही तसेच. ते मध्यरात्रीच्या आसपास किमान असते आणि उठण्याच्या वेळेकडे चढत जाते. आपल्या शरीरात ती चढण आता दोनच्या आधीच सुरू होत असणार. फिरत्या पाळीत हे घडू शकत नाही, कारण घड्याळ सरकू लागते न लागते तोच पाळी बदलते.

रातपाळी

आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात झोप न लागणे? तेही घड्याळच का?

सायंतारा

अंशतः. झोप लागण्यासाठी शरीराचे आतील तापमान उतरावे लागते. रात्रभरात ते साधारण एक अंश सेल्सिअसने उतरते. हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावून ती उष्णता त्वचेवाटे बाहेर टाकली जाते. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि हे काम अडते. झोपण्याच्या तासभर आधी कोमट पाण्याने आंघोळ केली तर त्वचेतील रक्तप्रवाह वाढून उष्णता निघून जायला मदत होते. त्यानंतर पंख्याचा वारा अंगावर घ्यावा.

रातपाळी

आमच्याकडे जायफळ घातलेले दूध देतात.

सायंतारा

दुधात ट्रिप्टोफॅन असते, पण मेंदूत शिरताना त्याला इतर अमिनो आम्लांशी स्पर्धा करावी लागते, त्यामुळे पेलाभर दुधाने मेंदूतील सेरोटोनिन फारसे वाढत नाही. रोज त्याच वेळी कुणीतरी मायेने आणून दिलेल्या कोमट दुधाचा स्वस्थपणा मात्र खरा आहे. जायफळ चिमूटभरच असावे. जास्त प्रमाणात ते विषारी ठरते.

सायंतारा

भाचीच्या वतीने लिहीत आहे. मागच्या आठवड्यात तिने तीन गोष्टी पाळल्या: शेवटचा चहा रात्री साडेबाराला, स्थानकावरून घरी चालत येताना गडद चष्मा (सकाळचे ऊन घड्याळाला 'दिवस सुरू' असा निरोप देते, तो टाळण्यासाठी), आणि खिडकीला काळे जाड कापड. पाचपैकी तीन दिवस ती दोनपर्यंत झोपली. उरलेल्या दोन दिवशी पुन्हा साडेबाराच. त्या दोन्ही दिवशी तिला संध्याकाळी सातला कामावर निघण्यापूर्वी दीड तास झोपायला सांगितले, म्हणजे रात्रीच्या सुरुवातीला दाब थोडा हलका असेल. गडद चष्मा स्वतः गाडी चालवणाऱ्यांनी वापरू नये, हे आवर्जून सांगते. पेंगलेल्या माणसाला त्या वेळी असेल नसेल तेवढ्या उजेडाची गरज असते.

रातपाळी

सुट्टीच्या दिवशी काय करायचे? घरच्यांसोबत रात्री झोपलो तर पुढची पाळी जड जाते, आणि नाही झोपलो तर मुले दिसत नाहीत.

सायंतारा

सुट्टीच्या रात्री उशिरा, तीनच्या सुमारास झोपून दुपारी बारापर्यंत झोपण्याचा मार्ग पाळ्यांच्या अभ्यासकांनी सुचवला आहे, म्हणजे कामाच्या दिवसांची आणि सुट्टीची झोप निदान काही तास तरी एकमेकींवर येते आणि घड्याळाला एक खुंटी मिळते. मुले शाळेतून येतील तेव्हा आपण जागे असाल. सकाळी त्यांना शाळेत सोडणे मात्र त्यात बसत नाही, आणि त्यावर माझ्यापाशी उपाय नाही.